आधी आसन, मग पॉइंट: कोकणातून निघून लांबचा बिझनेस क्लास गाठण्याची रीत

गणपतीला गावी येण्यासाठी ज्याने 60 दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला रेल्वेचे आरक्षण केले आहे, त्याला पॉइंटांवर, म्हणजे क्रेडिट कार्डाच्या खर्चावर किंवा विमानप्रवासावर जमणाऱ्या बक्षिसाच्या गुणांवर, विमानाचे आसन कसे मिळते हे समजावून सांगणे फारसे अवघड नाही. गाडीत बर्थ शेकडो असतात, पण आपण ज्या कोट्यातून तिकीट मागतो त्यात मोजकेच असतात, आणि तो कोटा संपला की बाकीच्या गाडीत किती जागा आहे या चौकशीला अर्थ उरत नाही. विमान कंपन्याही तसेच करतात. बिझनेस क्लासमधील आसनांपैकी पॉइंटांवर स्वस्तात द्यायची आसने त्या वेगळी काढतात. ती कधी दोन असतात, कधी चार आणि कधी एकही नसते. कार्डावर तीन लाख पॉइंट जमले म्हणजे तिकीट हाती आले असे समजणारा माणूस इथेच फसतो. म्हणून या लेखातली मुख्य सूचना सुरुवातीलाच सांगतो: आधी आसन शोधावे आणि ते दिसल्यानंतरच पॉइंट कार्डावरून विमान कंपनीच्या सदस्य-योजनेत वळते करावेत.

माझ्या हातून हे नेमके उलट झाले होते. आई-बाबांना बहिणीकडे लंडनला पाठवायचे होते, बाबांचे गुडघे नऊ-साडेनऊ तास पाय दुमडून बसण्याजोगे राहिले नव्हते, आणि कार्डावर बरेच पॉइंट साठले होते. एका योजनेकडे पॉइंट वळते केल्यास अधिक मिळतील अशी सवलत पाहून मी उत्साहाने सगळे तिकडे पाठवले आणि मग तारखा शोधायला बसलो. त्या हंगामात दोघांना एकत्र मिळतील अशी आसने नव्हतीच. बँकेकडून विमान कंपनीच्या खात्यात एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत, त्यामुळे ते तिथे आठ महिने अडकून पडले. आई-बाबा त्या वर्षी गेले नाहीत.

पॉइंट कुठून येतात, याबद्दल थोडक्यात

क्रेडिट कार्डांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण बँकांच्या अटी सतत बदलतात. आपल्या कार्डाचे पॉइंट विमान कंपन्यांच्या योजनांत वळते होतात का, कोणत्या योजनांत होतात, कोणत्या प्रमाणात होतात आणि वर्षाला किती मर्यादेपर्यंत होतात, या चार प्रश्नांची उत्तरे बँकेच्या संकेतस्थळावरून लिहून घ्यावीत. इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अशा खर्चांवर बऱ्याच कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत किंवा त्यांना मर्यादा असते. दर महिन्याचे पूर्ण बिल भरण्याची शिस्त ज्याच्याकडे नाही, त्याने हा नाद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांवर व्याज लागत असताना पॉइंटांतून मिळालेले काहीही फुकट नसते.

कोकणात मात्र पॉइंटांचा आणखी एक स्रोत आहे आणि तो बहुतेक घरांत वाया जातो. गुहागर, दापोली, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यातली कितीतरी माणसे बोटीवर आहेत किंवा आखातात नोकरीला आहेत. बोट पकडायला कोणी सिंगापूरला जातो, कोणी रॉटरडॅमला, कोणी ह्यूस्टनला. तिकीट कंपनीचा एजंट काढतो. तिकिटाचे पैसे कोणी भरले याला महत्त्व नसते. त्या प्रवासाचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीच्या योजनेतले पॉइंट, प्रत्यक्ष उडणाऱ्या माणसाच्या नावावर जमा होतात. त्यासाठी योजनेचे सदस्यत्व मोफत घेऊन तो क्रमांक एजंटला कळवावा किंवा चेक-इनच्या काउंटरवर सांगावा. प्रवास होऊन गेला असेल तरी बहुतेक कंपन्या साधारण सहा महिन्यांपर्यंतचा मागील दावा स्वीकारतात, म्हणून बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवावा. खलाशांसाठीच्या काही सवलतीच्या भाड्यांवर माइल्स कमी मिळतात किंवा मुळीच मिळत नाहीत. तिकिटावरील बुकिंग क्लासचे, म्हणजे भाड्याच्या प्रकाराचे, अक्षर योजनेच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यास ते कळते.

इथे एक घरगुती अडचण येते. माइल्स बोटीवरच्या माणसाच्या खात्यात असतात, त्यांवर तिकीट त्याच्या आईसाठी काढायचे असते, आणि खात्याचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन त्या वेळी भर समुद्रात असतो. म्हणून माणूस घरी असतानाच खात्याला ईमेल जोडून घ्यावा, आणि योजनेत कुटुंबाचे सामायिक खाते किंवा नामनिर्देशित प्रवाशांची यादी अशी सोय असल्यास त्यात घरच्यांची नावे नोंदवून ठेवावीत. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत, उदाहरणार्थ, इतरांसाठी तिकीट काढायचे तर त्यांची नावे आधी यादीत असावी लागतात.

एका कंपनीचे पॉइंट, दुसऱ्या कंपनीचे विमान

ज्या विमानात बसायचे आहे त्याच कंपनीचे पॉइंट लागतात, हा समज सोडून द्यावा लागतो. जगातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या तीन संघांत विभागल्या आहेत: स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम. एका संघातील कंपनीचे पॉइंट त्याच संघातील दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी वापरता येतात. एअर इंडिया जुलै 2014पासून स्टार अलायन्समध्ये आहे, आणि 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा तिच्यात विलीन झाल्यापासून विस्ताराच्या जुन्या सदस्यांचे पॉइंटही तिच्याच महाराजा क्लब या योजनेत आले आहेत. एमिरेट्स आणि एतिहाद यांपैकी कोणत्याच संघात नाहीत, त्यामुळे दुबईला येऊन-जाऊन जमवलेले एमिरेट्सचे माइल्स एतिहादच्या विमानात चालत नाहीत. उलट कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये आहे आणि 30 जून 2025 रोजी ओमान एअरही त्याच संघात आली. मस्कत आणि दोहा या दोन्ही ठिकाणी घरची माणसे असलेल्या कुटुंबाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मुंबई–लंडन मार्गाचेच उदाहरण घेऊ. या मार्गावर थेट उडणाऱ्यांत एअर इंडिया स्टार अलायन्सची आहे, ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्डची आहे आणि मार्च 2023पासून व्हर्जिन अटलांटिक स्कायटीमची आहे. म्हणजे पॉइंट तीनपैकी कोणत्याही संघाकडे जाऊ शकत असले तरी या मार्गावर काहीतरी शोधता येते. दोह्यामार्गे, म्युनिकमार्गे, ॲम्स्टरडॅममार्गे जाणारे पर्याय त्यात धरलेलेच नाहीत.

ब्रिटिश एअरवेज, कतार, फिनएअर आणि इबेरिया यांच्या योजनांत 'एव्हिओस' हे एकच चलन आहे, आणि आपली खाती जोडली की ते एकास एक या प्रमाणात इकडून तिकडे नेता येते. दोन्ही खात्यांवर नाव, जन्मतारीख आणि ईमेल तंतोतंत सारखे असले पाहिजे. माझ्या मते नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, कारण एका ठिकाणी आसन नसेल तर पॉइंट दुसऱ्या ठिकाणी नेण्याची मुभा राहते. बँकेतून सुटलेल्या पॉइंटांना अशी मुभा इतरत्र क्वचितच मिळते.

आसन शोधणे

रेल्वेची खिडकी 60 दिवस आधी उघडते. विमान कंपन्यांची साधारण 330 ते 360 दिवस आधी. ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स 355 दिवसांच्या आसपास आसने खुली करतात. ब्रिटिश एअरवेज आपल्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक उड्डाणावर बिझनेस क्लासची किमान चार आसने पॉइंटांसाठी देण्याची हमी देते, आणि ती लंडनच्या मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आसपास दिसू लागतात. मे महिन्यात, दिवाळीत किंवा नाताळात जायचे असेल, तर त्या पहाटे उठण्याला पर्याय नाही. दुसरी संधी अगदी शेवटी येते: उड्डाणाला दोन-तीन आठवडे उरले आणि आसने विकली गेली नाहीत, तर कंपन्या त्यांतली काही पॉइंटांवर सोडतात. ज्याच्याकडे व्हिसा आहे आणि ज्याची रजा लवचिक आहे, त्याला ही संधी साधता येते. वयस्कर आई-वडिलांना मात्र दहा दिवस आधी 'निघायचे आहे' असे सांगणे बरे नव्हे, म्हणून त्यांच्यासाठी पहिलीच खिडकी धरावी.

शोधताना आधी महिन्याचे कॅलेंडर उघडावे, ठरावीक तारीख टाकू नये. एकच प्रवासी म्हणून शोधून पाहावे आणि मग दोन म्हणून. पुष्कळदा एक आसन स्वस्त दरात असते आणि दोन मागितली की दोन्ही महाग दरात दिसतात. सीट्स डॉट एरो या संकेतस्थळावर अनेक योजनांचा शोध एकाच वेळी घेता येतो. त्याच्या मोफत वापरात पुढच्या 60 दिवसांपुरतेच दिसते, तरी कोणत्या मार्गावर कोणत्या वारी आसने सुटतात याचा अंदाज घ्यायला तेवढे पुरते.

यात दोन फसवे प्रकार आहेत. पहिला म्हणजे 'भुताटकी': भागीदार कंपनीचे आसन संकेतस्थळावर दिसते, पण पैसे भरण्याच्या टप्प्यावर ते नाहीसे होते. यावर उपाय असा की तेच उड्डाण त्याच संघातील दुसऱ्या एखाद्या योजनेच्या संकेतस्थळावरही शोधावे, किंवा फोन करून विचारावे. फोनवर विचारताना स्टार अलायन्सच्या विमानासाठी 'आय' क्लासमध्ये आणि वनवर्ल्डच्या विमानासाठी 'यू' क्लासमध्ये दोन आसने आहेत का, असा थेट प्रश्न केला तर उत्तरही थेट मिळते. भागीदारांना बिझनेसची पॉइंटांची आसने याच अक्षरांखाली मिळतात. दुसरा प्रकार म्हणजे मिश्र वर्ग. 'बिझनेस' असे लिहिलेल्या प्रवासात मुंबई ते दोहा हा साडेतीन तासांचा टप्पा बिझनेसमध्ये आणि पुढचा सात तासांचा टप्पा साध्या वर्गात असू शकतो. प्रत्येक टप्पा उघडून वर्ग आणि विमानाचा प्रकार वाचावा.

विमानाचा प्रकार का पाहायचा, तर बिझनेस क्लास सर्वत्र सारखा नसतो. एअर इंडियाच्या जुन्या बोईंग 777 विमानांत बिझनेसची मांडणी दोन-तीन-दोन अशी होती, तर नव्या विमानांत बहुधा एक-दोन-एक असते. एकट्याने जाणाऱ्याला खिडकीजवळचे एकटे आसन आवडते. आई-बाबांना मात्र मधली जोडी घ्यावी, कारण बाबांच्या खुर्चीची कळ, पडद्याचा रिमोट आणि जेवणाचा ट्रे हे सगळे आईच करणार असते.

खर्चाचा हिशेब

पॉइंटांचे तिकीट फुकट नसते. त्यावर विमानतळाचे कर लागतात आणि काही योजना त्यावर कंपनीचा अधिभारही लावतात. ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा, स्विस यांचा अधिभार मोठा असतो. एअर कॅनडाच्या एरोप्लान योजनेत तो लावला जात नाही. सिंगापूर एअरलाइन्स स्वतःच्या विमानांवर तो घेत नाही. त्यामुळे त्याच विमानातील तेच आसन एका योजनेतून काढले तर काही हजारांत मिळते आणि दुसऱ्या योजनेतून काढले तर त्यावर तीस-चाळीस हजार रुपये भरावे लागू शकतात. एव्हिओसमध्ये पुष्कळ मार्गांवर अधिक पॉइंट देऊन रोख रक्कम कमी करण्याचे पर्यायही दिसतात. ते सगळे पाहून मग निवड करावी.

ब्रिटनमधून परत येताना तिथले सरकार विमान प्रवासी कर घेते, आणि भारताच्या अंतरासाठी बिझनेस क्लासमध्ये तो माणशी 200 पौंडांहून अधिक होतो. तो चुकवण्यासाठी परतीचा प्रवास पॅरिसहून किंवा ॲम्स्टरडॅमहून सुरू करण्याची युक्ती जाणकार सांगतात. ती बरोबर आहे, पण सत्तरी ओलांडलेल्या दोघांना बॅगा घेऊन त्यासाठी दुसऱ्या देशात पाठवावे असे मला वाटत नाही.

पॉइंटांचे मोल काढण्याची रीत सोपी आहे. रोख भाड्यातून कर वजा करावा आणि उरलेल्या रकमेला पॉइंटांनी भागावे. समजा, बिझनेसचे एका बाजूचे भाडे 3,00,000 रुपये आहे, पॉइंटांच्या तिकिटावर कर 30,000 रुपये आहे आणि पॉइंट 90,000 लागतात. तर एका पॉइंटला 3 रुपये पडले. हा आकडा पाहून माणूस खूश होतो. पण आपण खरोखर तीन लाख रुपये देऊन गेलो असतो का? नसतो. आपण 55,000 रुपयांचे साधे तिकीट काढले असते. मग खिशात वाचले ते 25,000 रुपये, म्हणजे एका पॉइंटला सुमारे 28 पैसे. दोन्ही उत्तरे खरी आहेत. तरुण, धडधाकट माणसाने दुसरे उत्तर पाहून निर्णय घ्यावा. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी पहिले पाहिले, आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

पॉइंट एकाच बाजूला पुरत असतील, तर ते रात्रभर चालणाऱ्या उड्डाणासाठी वापरावेत. दिवसाच्या उड्डाणात आडव्या होणाऱ्या आसनाचा निम्मा उपयोग वाया जातो. आखातापर्यंतच्या तीन-साडेतीन तासांच्या टप्प्यासाठी वेगळे पॉइंट खर्च करू नयेत. आणि साठवण्याच्या मोहात पडू नये: कंपन्या पूर्वसूचना देऊन किंवा न देताही दर वाढवतात, शिवाय मुदत असते. सिंगापूरचे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी संपतात, एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू योजनेचे 24 महिने खात्यात काही हालचाल नसेल तर संपतात, आणि एव्हिओस 36 महिने हालचाल नसेल तर.

वळते करणे आणि तिकीट हाती येणे

आसन दिसले, खरे असल्याची खात्री झाली, की मग पॉइंट वळते करावेत. काही योजनांत ते काही मिनिटांत पोहोचतात, काहींत दिवस लागतात. आपल्या बँकेला किती वेळ लागतो हे ठाऊक नसेल, तर महिनाभर आधी थोडेसे पॉइंट पाठवून पाहावेत. त्याच निमित्ताने नावांची जुळणी होते की नाही हेही कळते. ही जुळणी मराठी घरांत हमखास अडते. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, बँकेत ते नसते. बायकांचे कार्ड सासरच्या नावाने तर योजनेतले जुने खाते माहेरच्या नावाने असते. योजनेच्या खात्यातील नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यावे, आणि तिकीटही अक्षरशः पासपोर्टप्रमाणेच काढावे.

तिकीट काढल्यावर सहा अक्षरांचा पीएनआर आला म्हणून निश्चिंत होऊ नये. खरे तिकीट म्हणजे 13 अंकी क्रमांक, आणि त्याचे पहिले तीन अंक कंपनी सांगतात: एअर इंडियाचे 098, ब्रिटिश एअरवेजचे 125, कतारचे 157, सिंगापूरचे 618. दिवस उलटूनही तो क्रमांक आला नाही, तर फोन करावा. भागीदार कंपनीचे विमान असेल, तर तिचा स्वतःचा वेगळा पीएनआर मागून घ्यावा आणि तिच्या संकेतस्थळावर प्रवास दिसतो का ते पाहावे. आसन निवडणे, जेवण सांगणे, व्हीलचेअर मागणे हे सगळे तिथूनच होते.

दुसऱ्याच्या खात्यातील माइल्स विकत घेऊन स्वस्त बिझनेस क्लास देणारे दलाल भेटतात. योजनांच्या नियमांत ही विक्री बसत नाही, आणि कंपनीच्या लक्षात आले की तिकीट रद्द होते, कधी परतीच्या वेळीच. त्यांच्याकडे फिरकू नये.

घरापासून विमानापर्यंत

मुंबईत राहणाऱ्याला ज्याचा विचार करावा लागत नाही, तो भाग कोकणातल्या माणसाने सर्वांत नीट ठरवावा लागतो. पॉइंटांच्या तिकिटावरचा पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, आणि त्या दिवशी पॉइंटांवर दुसरे आसन मिळेलच असे नसते. आपली गाडी कशेडी घाटात अडकली किंवा रुळांवर दरड आली, हे विमान कंपनीच्या हिशेबात येत नाही, कारण तो प्रवास तिच्या तिकिटावर नसतो.

म्हणून दक्षिण कोकणातल्यांनी आधी उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचा विचार करावा. मोप्याहून सुरू होणारा प्रवास एकाच तिकिटावर पुढे दोह्यामार्गे किंवा दिल्ली-मुंबईमार्गे जोडला, तर बॅग शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते आणि मधले विमान चुकल्यास दुसरे देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. अनेक योजनांत देशांतर्गत टप्पा जोडल्याने पॉइंट फारसे वाढतही नाहीत. शोधताना गोव्याचे दोन विमानतळ वेगळे आहेत हे विसरू नये: दाबोळीचा कोड जीओआय, मोप्याचा जीओएक्स. सावंतवाडीहून मोपा अगदी जवळ आहे, दाबोळी गोवा ओलांडून पलीकडे. सिंधुदुर्गातल्या चिपीचे विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाले, पण तिथली सेवा अधूनमधून खंडित होत आली आहे, त्यामुळे वर्षभर आधी काढलेले तिकीट तिच्या भरवशावर जोडू नये.

रत्नागिरी, चिपळूण, खेडच्या लोकांना मुंबईच सोयीची. मुंबईतही आता कोड पाहावा लागतो: जुन्या विमानतळाचा बीओएम, आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाचा एनएमआय. युरोपकडची पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे 14 तारखेचे दोन वाजताचे विमान पकडायला 13 तारखेच्या रात्री विमानतळावर असावे लागते. ही चूक शिकलेली माणसेही करतात. रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचवणाऱ्या कोकणकन्येने किंवा तुतारीने आल्यास दिवसभराची सवड हाती राहते आणि नातेवाइकांकडे आंघोळ-जेवण होते. जून ते ऑक्टोबर या काळात कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर, कमी वेगाने धावते. तेव्हा आणखी एक दिवस आधी निघावे.

वर्षभर आधी काढलेल्या तिकिटाच्या वेळा मध्यंतरी बदलतात, कधी विमानही बदलते, म्हणून महिन्यातून एकदा ते उघडून पाहावे. कंपनीने मोठा बदल केला, तर बहुधा दुसरे उड्डाण शुल्काशिवाय मागता येते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठीचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, तेव्हा ती तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणि 60 दिवस उरले की सकाळी आठ वाजता, दोन खालचे बर्थ, रत्नागिरी ते मुंबई.